काळी गाडी पेट्रोल जास्त पिते का?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"भाऊ, नमस्कार. मी चोपड्याला राहते, शिक्षिका आहे. शाळा तापीच्या पलीकडे, अमळनेर तालुक्यातल्या एका गावात. जाऊन-येऊन रोजचे ५० किलोमीटर होतात. इतकी वर्षं एसटीने आणि नंतर बाकीच्या मॅडमसोबत भाड्याच्या गाडीने केलं. आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, स्वतःची पेट्रोल गाडी घ्यायचं ठरलंय. मॉडेल ठरलं, कर्ज मंजूर झालं आणि घोडं रंगावर अडलं. मला आणि मुलीला काळी आवडली. सासरे म्हणतात, 'काया रंग ऊन खास.' दीर म्हणतात, काळ्या गाडीचं ॲव्हरेज दोन-तीन किलोमीटरने कमीच पडतं, एसी सारखा फुल्ल ठेवावा लागतो. सासूबाईंचं म्हणणं, पहिलीच गाडी काळी नको, शनीचं असतं. पांढरी घ्यावी तर मुलगी म्हणते, ती पुढाऱ्याची नाहीतर भाड्याची वाटते. मिस्टर म्हणतात, चालवणार तू, तूच ठरव. शाळेच्या मैदानात सावली नाही, गाडी उन्हातच उभी राहणार. रंगामुळे खरंच पेट्रोल जास्त लागतं का? – एक वाचक, चोपडा"

ताई, नव्या गाडीचं अभिनंदन. घरातल्या मतांपैकी सासऱ्यांचं सोळा आणे खरं आहे, दिरांचं दोन-एक आणे. सासूबाईंच्या शनीचा हिशेब माझ्या गॅरेजच्या वहीत बसत नाही, तो तुम्ही आणि त्या बघून घ्या.

काळा रंग ऊन खातो यात वाद नाही. पण ऊन आणि पेट्रोल यांच्यात एक दलाल बसलेला असतो, तो म्हणजे एसी. एसी बंद असेल तर काळ्या आणि पांढऱ्या गाडीचं ॲव्हरेज सारखंच येणार. बॉनेट तापलं म्हणून इंजिन जास्त पेट्रोल मागत नाही. इंजिनाला स्वतःलाच ९० अंशांच्या आसपास राहायचं असतं, त्यासाठी त्याला रेडिएटर आणि थर्मोस्टॅट दिलेले असतात. वरचा पत्रा कुठल्या रंगाचा आहे याचं त्याला काही देणंघेणं नाही. जानेवारीतल्या सकाळी, काचा वर करून आणि स्वेटर घालून तुम्ही शाळेत निघालात, तर त्या दिवशी रंगाचा खर्च शून्य.

हा दलाल पैसे खातो तो आपल्याकडच्या उन्हाळ्यात. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच पट्ट्याने फिरतो, म्हणजे त्याचं बिल पेट्रोलच्या टाकीतूनच जातं. अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं की कडक उन्हाळ्यात, विशेषतः छोट्या फेऱ्यांमध्ये, एसीमुळे ॲव्हरेज २५ टक्क्यांहूनही जास्त घसरू शकतं. आता दिरांचं म्हणणं पाहा. १८ चं ॲव्हरेज देणारी गाडी दोन-तीन किलोमीटरने उतरली, म्हणजे साधारण ११ ते १७ टक्के. ही घसरण खोटी नाही. भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला की पांढऱ्या गाडीचंही एवढं उतरतं. दिरांनी पाहिलेली गाडी काळी होती आणि महिना बहुधा मे असावा. महिन्याचा दोष रंगाच्या माथी गेला.

मग रंगाचा स्वतःचा वाटा किती? यावर एक नीट मोजमाप झालेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या लोकांनी २०१० च्या जुलैत सॅक्रामेंटो शहरात दोन होंडा सिव्हिक गाड्या शेजारी-शेजारी उन्हात उभ्या केल्या. एक काळी, एक चंदेरी. तिथला उन्हाळाही आपल्यासारखाच कोरडा. काळ्या गाडीचा टप चंदेरीपेक्षा २५ अंशांपर्यंत जास्त तापला. आतल्या हवेत मात्र फरक निघाला ५ ते ६ अंशांचा. त्यावरून २०११ साली त्यांनी हिशेब मांडला तो असा, की काळ्याऐवजी पांढरा किंवा चंदेरी रंग असेल तर इंधनात सुमारे २ टक्के बचत होऊ शकते.

पण या २ टक्क्यांना एक अट चिकटलेली आहे आणि लोक हा आकडा सांगताना नेमकी तीच गाळतात. त्यांनी धरलं होतं की गाडी कमी तापते, म्हणून तिला लहान एसी पुरेल, आणि लहान एसी कमी इंधन खाईल. चंदेरी गाडीचं काम १३ टक्के कमी ताकदीच्या एसीवर भागेल असं त्यांचं गणित होतं. तुम्ही शोरूममध्ये जाल तेव्हा एकाच मॉडेलच्या काळ्या आणि पांढऱ्या गाडीत एसी एकच असणार. रंग बघून कोणी कॉम्प्रेसर बदलत नाही. त्यामुळे तुमच्या बाबतीत फायदा एवढाच, की पांढरी गाडी थोडी लवकर गार होईल आणि कॉम्प्रेसर लवकर कट होईल. म्हणून २ टक्के ही वरची मर्यादा समजा, हमी नाही.

रुपयांत बोलू. रोजचे ५० किलोमीटर, शाळेचे दिवस वर्षाला २२० च्या आसपास, म्हणजे ११ हजार. वर नातेवाइकांकडे, बाजाराला, एखाद्या लग्नाला हजारभर धरा. १२ हजार किलोमीटरला १८ च्या ॲव्हरेजने सुमारे ६७० लिटर पेट्रोल. त्याचे २ टक्के म्हणजे १३ लिटर. लिटरचा भाव १०५ धरला तर वर्षाला १४०० रुपयांच्या आत. आणि ही वरची मर्यादा, बारा महिने रोज एसी लागेल असं धरून. तुमचं वेळापत्रक बघता मी याच्या निम्मेच धरेन. मार्चपासून तुमची शाळा सकाळची होते, जाताना एसीची फारशी गरज नाही. सगळ्यात वाईट ऊन मे महिन्यातलं, तेव्हा तुम्हाला सुट्टी आणि गाडी घरी. उरतं मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बाराच्या सुमारास घरी येणं, जूनमध्ये शाळा उघडल्यावर पाऊस लांबला तर ते दिवस, आणि ऑक्टोबरमधली तलखी. म्हणजे वर्षाला सहा-सातशे रुपये. हिवाळ्यात शेतावर होते तशा एका भरीत पार्टीच्या वर्गणीएवढे.

तेव्हा पेट्रोलसाठी म्हणून काळा रंग सोडू नका. रंग सोडायचाच असेल तर दुसऱ्या कारणासाठी सोडा, ते पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट करून बघा. एखाद्या दुपारी जळगावला जाणं झालं तर कुठल्याही मोठ्या दुकानासमोर उन्हात उभ्या असलेल्या दोन गाड्या शोधा, एक काळी, एक पांढरी. दोन्हींच्या टपाला हात लावा. काळीवर हात ठेवणं होत नाही, पांढरी कोमट लागते. उन्हातली निम्मी-अधिक उष्णता डोळ्यांना दिसतच नाही. पांढऱ्या रंगातलं टिटॅनियम डायऑक्साइड दिसणारा उजेड आणि ही न दिसणारी उष्णता, दोन्हीतला बराच भाग परत फेकतं. काळ्या रंगातला कार्बन जवळजवळ सगळं पिऊन घेतो. आता ओळखीच्या कोणाच्या त्याच रंगांच्या दोन गाड्या असतील तर दार उघडून दोघींच्या डॅशबोर्डला हात लावा. दोन्हीकडे चटका. कारण डॅशबोर्ड दोन्हीकडे काळाच आणि त्याला तापवणारं ऊन टपातून येत नाही, समोरच्या काचेतून येतं. बाहेर २५ अंशांचा फरक असून आत पाचवर येतो तो याच्यामुळे. गाडी तापते ती मुख्यतः काचेतून, रंग ही त्यानंतरची गोष्ट.

म्हणूनच मला रंगापेक्षा तुमच्या शाळेचं मैदान जास्त महत्त्वाचं वाटतं. ॲरिझोनात संशोधकांनी सावलीतल्या आणि उन्हातल्या गाड्या मोजल्या, २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. सगळ्या गाड्या चंदेरी. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना तासाभरात उन्हातल्या गाडीची आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, डॅशबोर्ड ६९ वर, स्टिअरिंग ५३ वर. सावलीतल्या गाडीत हवा ३८, डॅशबोर्ड ४८, स्टिअरिंग ४२. म्हणजे एकाच रंगात नुसत्या सावलीने आतल्या हवेत ९ अंशांचा फरक पाडला. काळ्या-चंदेरीचा फरक ५-६ चा. सावलीतली काळी गाडी उन्हातल्या पांढरीला हरवते. मुख्याध्यापकांना सांगून शाळेच्या उत्तर बाजूच्या भिंतीलगत जागा मिळते का बघा. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी भिंतीची थोडी सावली पश्चिमेलाही मिळते, शाळा सुटेपर्यंत तेवढीही पुष्कळ झाली. कडुनिंब असेल तर उत्तमच, वरून गळणारा कचरा झटकायची तयारी ठेवायची. सावलीतही मुलांना बंद गाडीत बसवून वाट बघायला लावू नका, "दोन मिनिटांत आले" म्हणूनही नाही.

सावली नसेलच तर समोरच्या काचेला आतून लावायचा चकचकीत पडदा घ्या, काही शे रुपयांत येतो. आमच्या गॅरेजवर उन्हाळ्यात येणाऱ्या निम्म्या गाड्यांच्या स्टिअरिंगवर ओला रुमाल टाकलेला असतो. तो हातासाठी ठीक, पण डॅशबोर्ड तसाच भाजत राहतो आणि पुढचा अर्धा तास एसीला तीच उष्णता ओढावी लागते. पडदा लावला तर ती उष्णता आत बरीच कमी साठते. शिवाय सीटबेल्टची धातूची कडी सीटच्या आत वळवून ठेवा. दुपारी तिने दिलेला चटका एकदा खाल्ला की माणूस बेल्टच लावायचा टाळतो, हे मी खूप पाहिलंय.

काचेवर काळी फिल्म लावा असं शोरूमच्या दारातच कोणीतरी सांगेल. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे असा नियम आहे, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मबद्दल चांगलीच कडक भूमिका घेतली. धुळ्याच्या चौकात दंड भरण्यापेक्षा पडदा स्वस्त.

आता ज्या दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण माझ्या मते रंगापेक्षा आधी ठरवायला हव्यात. पहिली सनरूफ. आजकाल मुलांना सनरूफ हवंच असतं, तुमच्या मुलीलाही असेल. खान्देशात टपाला काच म्हणजे डोक्यावर सूर्याला दिलेली खिडकी. पडदा ओढला तरी काच तापतेच आणि पडदाही तापतो. उन्हाची इतकी काळजी असेल तर काळा रंग ठेवा आणि सनरूफ सोडा, पैसेही वाचतील. दुसरी गोष्ट दोन रंगांच्या गाड्यांची. अंग पांढरं आणि टप काळा, ही सध्याची मोठी फॅशन, त्यासाठी वर जादा पैसेही घेतात. दुपारी बाराच्या उन्हात सगळ्यात जास्त तापतो तो टपच. म्हणजे पांढरी गाडी घेतल्याचं समाधान आणि काळीचा ताप, दोन्ही एकदम. उलटा जोड, अंग गडद आणि टप पांढरा, तुमच्या मॉडेलमध्ये मिळत असेल तर मी डोळे झाकून तो घेईन. तुमचंही मन राहील, सासऱ्यांचंही.

निस्सान कंपनीने २०२४ साली ऊन परतवणाऱ्या खास रंगाची माहिती दिली. तोक्योच्या हनेडा विमानतळावरच्या गाडीवर तो वापरून बघितला तेव्हा बाहेरचा पत्रा १२ अंशांपर्यंत आणि आतली हवा ५ अंशांपर्यंत थंड राहिली म्हणे. हा थर नेहमीच्या रंगापेक्षा बराच जाड द्यावा लागतो. आपल्याकडच्या शोरूमला विचारू नका, उगाच कोणीतरी "हो मॅडम, कोटिंग आहे ना" म्हणून दुसरंच काहीतरी मारून देईल.

पेट्रोल खरं वाचतं ते शाळा सुटल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत. आपल्याकडे सर्रास काय होतं, गाडी चालू करून एसी फुल्ल ठेवायचा आणि गाडी "गार" होईपर्यंत बाहेर उभं राहून गप्पा मारायच्या. किलोमीटर शून्य, पेट्रोल चालू. इंजिन नुसतं घुरघुरत असताना एसीही धड काम करत नाही. त्याऐवजी चारही दारं उघडा, आतली भाजकी हवा जाऊ द्या. मग काचा खाली ठेवूनच निघा. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असते, तेव्हा आधी ती हाकलणं सोपं. गावाबाहेर पडलात की काचा वर करा, एसी लावा, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा, नाहीतर एसी तापीकाठची ४२ अंशांची हवा पुन्हापुन्हा गार करत बसतो. गाडी गार झाली की पंखा एक पायरी उतरवा. मग तो काळा रंग तुम्हाला आठवणारही नाही.

टायरची हवा महिन्यातून दोनदा बघा, सकाळी, टायर गार असताना. चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय हवा कमी असली तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्क्याने उतरतं. म्हणजे हवा १० पीएसआयने उतरू दिली तर रंगाने वाचवलेले सगळे २ टक्के गेले. शिवाय तापलेल्या डांबरावर कमी हवेचा टायर फुटायला वेळ लागत नाही. आणि केळीच्या ट्रकांना कट मारत, ब्रेक-ॲक्सिलरेटर करत चालवलं तर हायवेवर १५ ते ३० टक्के इंधन वाया जाऊ शकतं. यापुढे रंगाची चर्चा बंद करायलाही हरकत नाही.

पण करतो, कारण काळा सोडायचं एक कारण मी मागे ठेवलं होतं. धुणं. काळ्या गाडीवर आपल्या रस्त्यांची धूळ दिसते, आणि ती कोरड्या फडक्याने पुसली की गोलगोल ओरखडे उमटतात, उन्हात ते लख्ख दिसतात. बोअरच्या पाण्याने धुतली तर क्षाराचे पांढरे डाग वाळतात. पांढरीवर हेच सगळं होतं, फक्त दिसत नाही. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसताना रोज गाडी धुणार कोण? काळी गाडी घेणाऱ्याला ती सहा महिने मिरवता येते, नंतर ती सांभाळावी लागते. विकायला काढली तर आपल्या भागात पांढरीला गिऱ्हाईक पटकन मिळतं, हेही खरं.

माझं मत विचाराल तर उन्हातच उभी राहणारी गाडी असल्यामुळे मी चंदेरी घेईन. ती जवळजवळ पांढऱ्याइतकीच थंड राहते, धूळ तिच्यावर सगळ्यात कमी दिसते, आणि मुलीला ती पुढाऱ्याचीही वाटणार नाही नि भाड्याचीही. गडद राखाडी मात्र चंदेरी समजून घेऊ नका, तो उन्हाच्या हिशेबात काळ्याचाच भाऊ. आणि चंदेरी बघूनही मन काळ्यावरच गेलं, तर काळी घ्या. दिरांना १४०० रुपयांचा हिशेब दाखवा आणि सासऱ्यांना पडदा लावायला सांगा, त्यांना ते काम आवडेल.

बुकिंगच्या पावतीवर मात्र रंगाचं कंपनीने दिलेलं पूर्ण नाव लिहून घ्या, नुसतं "ब्लॅक" किंवा "सिल्व्हर" नको. आखाजीच्या गर्दीत डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी "मॅडम, तुमचा रंग आला नाही, हा उभा आहे, उद्या मुहूर्त आहे" असा फोन येतो. त्या वेळी पावतीवर नाव असेल तर बुकिंगचे पैसे परत मागता येतात, नाहीतर यार्डात जी गाडी उरली असेल तीच गळ्यात पडते.